विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या संगणकाला पुरतो का?

नाशिकमध्ये नवा लॅपटॉप घेताना किंवा जुन्या संगणकावर विंडोज नव्याने टाकून घेताना बिल होण्याच्या आधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे अँटिव्हायरस टाकायचा का. बहुतेक जण फारसा विचार न करता होकार देतात. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरतात, किंवा एखाद्या वर्षी भरायचे राहून जाते आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस संगणकात नुसता पडून राहतो. वास्तविक विंडोज १० आणि विंडोज ११ यांमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. इंदिरानगरमधील आमच्या घरी हार्ड डिस्कवर चालणारा एक जुना डेस्कटॉप आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा बरीच वेगवान डिस्क, असलेला एक लॅपटॉप असे दोन संगणक आहेत. दोन्हींवर केवळ डिफेंडरच ठेवला आहे, आणि त्या वापराच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरेसा आहे. मात्र ज्या अवस्थेत तो अनेकांच्या संगणकात असतो, त्या अवस्थेत तो पुरेसा नाही.

डिफेंडरविषयी दुकानदारांच्या मनात जी अढी आहे, ती निराधार नाही, पण जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा मोफत अँटिव्हायरस आणला आणि २०१२ मध्ये विंडोज ८ पासून तेच काम डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच समाविष्ट केले. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेते. संरक्षण, वेग आणि वापरातील सोय या तीन भागांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण असतात. २०१३-१४ च्या सुमारास संरक्षणाच्या भागात मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस यादीच्या तळाशी असे, त्यामुळे त्या काळी गिऱ्हाइकाला दुसरा अँटिव्हायरस घ्यायला सांगणारा दुकानदार योग्यच सल्ला देत होता. त्यानंतर परिस्थिती पूर्ण पालटली. गेली काही वर्षे हाच डिफेंडर त्याच परीक्षेत नामवंत विकतच्या अँटिव्हायरसांच्या बरोबरीने, अनेकदा पैकीच्या पैकी गुण मिळवतो आहे. सल्ला मात्र तोच राहिला.

डिफेंडर चालू आहे की नाही हे पडताळण्यासाठी एक निरुपद्रवी उपाय जगभर वापरला जातो. आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ तयार करून ठेवली आहे. तिच्यात विषाणू नाही, पण प्रत्येक अँटिव्हायरसने तिला विषाणू समजून पकडावे असा संकेत आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती ओळ नोटपॅडमध्ये उतरवून फाइल सेव्ह केली, की उजव्या खालच्या कोपऱ्यात सूचना येते आणि डेस्कटॉपवरची फाइल आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. ती ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये क्वारंटाइन झालेली दिसते. आमच्या दोन्ही संगणकांवर असेच घडले. ज्यांच्या संगणकावर ती फाइल सुखरूप राहते, त्यांनी आपला अँटिव्हायरस, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, बंद आहे असे समजावे.

आता खरी कसोटी. आपल्या शहरात घरगुती संगणकाला लागण होण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग आजही पेनड्राइव्ह हाच आहे. सीबीएस बसस्थानकाच्या परिसरात, कॉलेज रोडवर किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांजवळ असलेल्या झेरॉक्सच्या दुकानांतील संगणकाला दिवसभरात कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. अर्ज, प्रोजेक्ट किंवा पत्रिकेचा मजकूर छापून घेऊन आपण घरी येतो आणि तोच पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावतो. आत पाहावे तर आपल्या फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात आणि प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. मूळ फोल्डर विषाणूने लपवून ठेवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी विषाणू चालतो आणि लगोलग फोल्डरही उघडतो, त्यामुळे काही विपरीत घडल्याची शंकाही येत नाही. पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून बंद केली आणि २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टासाठीही अद्यतन देऊन थांबवली. तेव्हापासून वापरणाऱ्याच्याच हातून क्लिक करवून घेणारी ही शॉर्टकटची युक्ती फोफावली.

असा पेनड्राइव्ह लावल्यावर डिफेंडरने शॉर्टकट आणि त्यांच्यामागची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे विषाणूची आज्ञावली, दोन्ही पकडून बाजूला केल्या. हे काम त्याने चोख केले. परंतु येथे एक उणीव आहे आणि ती ठाऊक नसल्याने लोकांचे नुकसान होते. डिफेंडर विषाणू काढतो, पण विषाणूने लपवलेले मूळ फोल्डर पुन्हा दृश्य करत नाही. परिणामी सफाईनंतर पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, सारे काही पुसले गेले असा समज होतो आणि अनेक जण हताश होऊन तो फॉरमॅट करून टाकतात. फोल्डर तिथेच असतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्यावर खूण करावी, आणि फोल्डर ऑप्शन्समधील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ या ओळीवरची खूण काढावी, म्हणजे ते पुसट रंगात दिसू लागतात आणि त्यांची नक्कल करून घेता येते. दुसरी लहानशी उणीव अशी की, पेनड्राइव्ह लावताच तो संपूर्ण तपासायचा का असे डिफेंडर स्वतःहून विचारत नाही. फाइल उघडताना तिची तपासणी होते. बाजारातील अनेक विकतचे अँटिव्हायरस पेनड्राइव्ह लागताच तपासणी करतात. डिफेंडर वापरणाऱ्याने पेनड्राइव्हवर उजवे क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडण्याची सवय लावून घेतली, तर हा प्रश्न सुटतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब मात्र डिफेंडरच्या गुणदोषांशी संबंधित नाही. तिचा संबंध आपल्याकडे संगणक ज्या प्रकारे ‘तयार करून’ दिला जातो, त्याच्याशी आहे. शेजारच्या काकांचा संगणक एका दुकानातून विंडोज टाकून परत आला होता. विंडोज परवान्याचे नव्हते. परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणाऱ्या ‘ॲक्टिव्हेटर’ नावाच्या प्रोग्रॅमने ते चालू केलेले होते. डिफेंडर अशा ॲक्टिव्हेटरला ‘हॅकटूल’ म्हणून पकडतो, म्हणून दुकानातल्या मुलाने त्याच्यावर सोपा तोडगा काढला होता. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडले तर वर हिरवी खूण होती, सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा होता. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जाऊन अगदी तळाशी असलेली ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी उघडली, तेव्हा तिच्यात एकच नोंद होती : संपूर्ण सी ड्राइव्ह. म्हणजे विंडोज, डाउनलोड आणि डेस्कटॉप ज्या ड्राइव्हवर असतात, तिथे काहीही आले तरी पाहायचे नाही, असा आदेश डिफेंडरला दिलेला होता. काकांनी दुकानात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “काका, ते तसंच राहू द्या, नाहीतर विंडोज परत ॲक्टिव्हेशन मागेल.” हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. पहारेकऱ्याला नोकरीवर ठेवून त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, तसा हा प्रकार आहे, आणि त्यानंतर लागण झाली की खापर डिफेंडरवर फुटते.

म्हणून दुकानातून संगणक घरी आल्यावर ही यादी प्रत्येकाने पाहावीच. ती पूर्ण रिकामी असली पाहिजे. त्याच पानावर ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तीन बटणे चालू असल्याची खातरजमा करावी. शेवटचे बटण विशेष महत्त्वाचे आहे, कारण बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमने डिफेंडर परस्पर बंद करू नये याची काळजी ते घेते. विंडोजचा परवाना अस्सल असावा, हा आग्रह मी केवळ नियम म्हणून धरत नाही. ज्या फाइलला चालण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, तिच्या आत आणखी काय दडले आहे हे तपासण्याचा मार्गच त्या क्षणी आपण बंद केलेला असतो.

याच वाटेने रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागणारा विषाणू, घरात शिरते. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर प्रामुख्याने फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून, म्हणजे परवान्याची अट मोडणाऱ्या फाइलींमधून पसरले आणि त्याचे लक्ष्य मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती वापरकर्तेच अधिक राहिले. घरातले फोटो, मुलांचे प्रकल्प, सातबारा आणि खरेदीखतांचे स्कॅन, सोसायटीचे हिशेब या साऱ्या फाइली कुलूपबंद होतात, त्यांच्या नावांपुढे एक नवे शेपूट लागते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैशांची मागणी करणारी एक चिठ्ठी येऊन पडते. जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती, लग्नाच्या अल्बमसाठीचे फोटोचे सॉफ्टवेअर, हिशेबाचे सॉफ्टवेअर यांच्या क्रॅकसाठी अँटिव्हायरस ‘पाच मिनिटं बंद’ केला जातो, आणि तेवढा वेळ पुरेसा असतो.

डिफेंडरमध्ये यावर एक उत्तम सोय आहे, आणि ती मुळात बंद असते, ही माझी मायक्रोसॉफ्टविषयीची मुख्य तक्रार आहे. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची ही सोय २०१७ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये आली. ती चालू केल्यावर ठरावीक फोल्डरांतील फाइलींमध्ये विश्वासातला प्रोग्रॅमच बदल करू शकतो. अनोळखी प्रोग्रॅमने हात लावला की त्याला अडवले जाते आणि सूचना येते. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या तळाशी ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये तिचे बटण आहे. पण नुसते बटण चालू करून आपल्याकडे भागत नाही. ही सोय मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक यांसारख्या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांना लागू होते. आपल्याकडे मात्र ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी डेटा राहील’ या विचाराने महत्त्वाचे सर्व काही डी ड्राइव्हमध्ये ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि डी ड्राइव्ह या संरक्षणाच्या बाहेर राहतो. ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये जाऊन तेथील फोल्डर आपल्या हाताने जोडावे लागतात. तेवढे केले की ही सोय पैसे मोजून घ्यावी इतक्या तोलाची आहे.

तिचा थोडा जाचही होतो, हेही सांगितले पाहिजे. जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर, स्कॅनरसोबत आलेला प्रोग्रॅम किंवा एखादा जुना गेम डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करू लागला की तोही अडवला जातो, आणि स्क्रीनवर मात्र सेव्ह होत नाही एवढेच दिसते. अशा वेळी तेथेच ‘अलाऊ ॲन ॲप’मधून ‘अलीकडे अडवलेले’ प्रोग्रॅम पाहून ओळखीच्या प्रोग्रॅमला परवानगी देता येते. घरातील ज्येष्ठांच्या संगणकावर ही सोय चालू करणाऱ्याने हे एकदा करून ठेवावे, नाहीतर आजोबांचे टाइप केलेले पत्र सेव्ह होणार नाही आणि त्यांना कारणही कळणार नाही.

वेगाच्या बाबतीत माझा अनुभव दोन संगणकांवर अगदी वेगळा आहे. एसएसडीवरील लॅपटॉपवर डिफेंडर चालू आहे हे जाणवतही नाही. हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असलेल्या डेस्कटॉपवर मात्र तपासणी सुरू झाली की टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव वर येते, डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना टेकतो आणि साधे वर्ड उघडायलाही वेळ लागतो. विंडोज ही तपासणी संगणक रिकामा असताना करायला पाहतो, पण जो संगणक कामापुरताच चालू होतो आणि लगेच बंद केला जातो, त्याला रिकामा वेळ मिळतच नाही. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तो तासभर नुसता चालू ठेवला की ही कुरबुर बरीच कमी होते. अँटिव्हायरसच्या नूतनीकरणावर दरवर्षी जाणारे पैसे एकदा एसएसडीवर खर्च केले तर अधिक सार्थकी लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिफेंडरची ताकद मोठ्या प्रमाणात इंटरनेटवर अवलंबून आहे. अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे विचारणा करतो; ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या परीक्षांमध्येही इंटरनेट जोडलेले असताना आणि नसताना त्याच्या कामगिरीत ठळक फरक दिसत आला आहे. शहरात याने फारसे बिघडत नाही. दिंडोरी किंवा निफाडकडच्या एखाद्या मळ्यातल्या घरी संगणक आहे, इंटरनेट फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अधूनमधून मिळते आणि फाइली पेनड्राइव्हनेच येतात-जातात, अशा ठिकाणी मात्र मी केवळ डिफेंडरवर विसंबणार नाही. दुसरी मर्यादा ब्राउझरची आहे. फसव्या संकेतस्थळांविरुद्ध मायक्रोसॉफ्टची स्मार्टस्क्रीन ही सोय एज ब्राउझरमध्ये पूर्णपणे काम करते. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना त्या त्या ब्राउझरच्या स्वतःच्या सुरक्षेवर राहावे लागते. ती सुरक्षाही चांगली आहे, पण ती डिफेंडरची नव्हे.

संकेतस्थळांवरच ‘तुमच्या संगणकात व्हायरस आढळला आहे, त्वरित या क्रमांकावर फोन करा’ अशी संपूर्ण स्क्रीन व्यापणारी पाटी भोंग्यासह उमटते. ती पाटी कोणत्याही अँटिव्हायरसची नसते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. ब्राउझर बंद करावा, बंद होत नसेल तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. त्या क्रमांकावर बोलणे होऊन पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच अधिक असते.

मग विकतचा अँटिव्हायरस कोणी घ्यावा? मराठी घरांना अँटिव्हायरस विकत घेण्याची सवय लावण्यात पुण्याच्या क्विक हीलचा मोठा वाटा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी बंधू संजय काटकर यांच्यासह नव्वदच्या दशकात उभी केलेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण नव्हते आणि फ्लॉपीतून येणारे विषाणू रोजचे होते, तेव्हा अशा अँटिव्हायरसला पर्याय नव्हता. आजही विकतच्या अँटिव्हायरससोबत जे मिळते त्यात फोनवरून मदत, पेनड्राइव्हची आपोआप तपासणी, मुलांच्या वापरावर नियंत्रण आणि एकाच परवान्यात अनेक उपकरणे या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत. घरात संगणकाचे कोणी जाणकार नसेल, आईवडील एकटे राहत असतील आणि अडचण आली की आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी हवे असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत. नुसता ‘विषाणू पकडण्यासाठी’ म्हणून घेण्याची गरज आता उरलेली नाही. आणि घेतलाच तर नूतनीकरण करावे. मुदत संपलेला अँटिव्हायरस पूर्णपणे काढून टाकला की डिफेंडर आपोआप चालू होतो.

राहता राहिला जुन्या विंडोजचा प्रश्न, आणि तो सध्या सर्वांत निकडीचा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक दोष दुरुस्त करणारे अद्यतन दिले होते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच दोषातून जगभर पसरले आणि ज्यांनी दोन महिन्यांत ते अद्यतन घेतले नव्हते, ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या या विषाणूने तोच दोष वापरला आणि नाशिकची द्राक्षे व कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या जेएनपीटीतील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. विंडोजला पडलेले असे भगदाड अँटिव्हायरसने बुजत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावरील डिफेंडरला विषाणूंची नवी ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, त्यामुळे हिरवी खूण दिसत राहील, पण विंडोजच्या दोषांची दुरुस्ती त्यात येत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय आहे आणि तिची नोंदणी सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर होते. आमच्या डेस्कटॉपला विंडोज ११ चालत नाही, म्हणून त्याची नोंदणी करून घेतली आहे. बँकेचे आणि आयकराचे काम लॅपटॉपवर हलवले आहे, आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवली आहे. मुदत संपल्यावर त्या डेस्कटॉपवर इंटरनेट चालू ठेवण्याचा माझा विचार नाही.